काय सोडणार, ते लिहून द्या

माझी मुलगी २०१७ साली सतरा वर्षांची होती. त्या फेब्रुवारीत ठाणे महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा ती आमच्यासोबत केंद्रापर्यंत आली, बाहेर वडापाव खात थांबली आणि माझ्या बोटावरची शाई बघून म्हणाली, "पुढच्या वेळी माझा नंबर." तो नंबर लागला १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात तिचं कॉलेज संपलं, दोन नोकऱ्या बदलून झाल्या, लग्न ठरलं. राज्यघटना सांगते की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक झाली पाहिजे. ठाण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. माझी धाकटी बहीण ऐरोलीला राहते. नवी मुंबईची मुदत मे २०२० मध्येच संपली होती. तिथल्या लोकांनी २०१५ च्या एप्रिलनंतर नगरसेवकासाठी बटण दाबलं ते थेट या जानेवारीत.

त्या दिवशी रांगेत माझ्या पुढे एक आजी होत्या. आत गेल्या, बटण दाबलं आणि काठी उचलून निघाल्या. मतदान अधिकारी म्हणाले, "आजी, थांबा, अजून तीन मतं राहिली." आपल्याकडे पॅनेल पद्धत. ठाण्यात १३१ नगरसेवक आणि ३३ प्रभाग, म्हणजे जवळपास सगळीकडे चार-चारांची मोट. चारही मतं पडल्याशिवाय यंत्र बीप करत नाही. आजी वळल्या आणि म्हणाल्या, "मला एकच माणूस ठाऊक आहे रे बाबा." उरलेली तीन त्यांनी कुणाला दिली, की 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबून सुटका करून घेतली, ते त्यांचं त्यांना माहीत.

त्याच्या काही महिने आधी मी ठाण्यातच एका विरोधी पक्षाच्या सभेला गेलो होतो. पक्षाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की वाचणारे आधी माझा झेंडा शोधायला लागतात. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. व्यासपीठावर संविधानाची प्रत, तिला झेंडूचा हार. वक्ते चांगले बोलले. देश दुभंगलाय, शेजारी शेजाऱ्याला पारखा झालाय, संस्था आतून पोखरल्यात, आम्ही ही जखम भरून काढू, लोकशाहीला पुन्हा पालवी फुटेल. यात खोटं काही नव्हतं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर रुमाल काढून बसले होते. शेवटाकडे मी हात वर केला. मला एवढंच विचारायचं होतं: २०१९ ते २०२२ राज्यात तुम्ही सत्तेत होतात, प्रभाग कसे पाडायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारा कायदा तुमच्याच काळात झाला, उद्या पुन्हा आलात तर तो अधिकार सोडणार का? अर्ध्या वाक्यावर एक कार्यकर्ता कानाशी वाकला. "काका, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत." शेवटी राष्ट्रगीत झालं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीवर. मालक किती पगारवाढ देणार हे कळलं की नवी पोरं टाळ्या वाजवायची. जुने लोक वेगळंच विचारायचे. बदली, ओव्हरटाइम, सस्पेन्शन, हे सगळं आजवर साहेबांच्या मर्जीने चालत होतं. त्यातलं काय उद्यापासून मर्जीने चालणार नाही? करारात पैशाचं कलम पहिल्या पानावर असायचं, पण माणसाला ताठ उभं राहायला जागा मिळायची ती मधल्या पानांवर, जिथे व्यवस्थापनाने आपला एखादा अधिकार सोडलेला असायचा. तोसुद्धा लेखी. नुसत्या 'बघू'वर आम्ही कधी आंदोलन मागे घेतलं नाही. (खोटं बोलतोय. एकदा घेतलं होतं. पुढे सात महिने पस्तावलो.)

विरोधी पक्षाचं लोकशाहीच्या नवजीवनाचं स्वप्न मी याच काट्यावर तोलतो. सत्तेत आल्यावर काय देणार, याची यादी प्रत्येक जाहीरनाम्यात असते. त्यात मला आता फारसा रस उरलेला नाही. आज जे अधिकार वापरले जातात म्हणून तुम्ही गळा काढता, ते तुमच्या हाती आल्यावर त्यातले कोणते तुम्ही स्वतःहून टाकून देणार, एवढं एका कागदावर लिहून द्या. कारण आजचे बहुतेक दांडके आजच्या सत्ताधाऱ्यांनी घडवलेले नाहीत. ते त्यांना भिंतीला टेकवून ठेवलेले सापडले.

प्रभागांचंच घ्या. २००७ ला एका प्रभागात एक नगरसेवक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. महाविकास आघाडीचं सरकार आलं, त्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा एकावर आणलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच सरकारने महापालिकांसाठी तीन केले. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार सरकारकडे घेतला. तेव्हा विरोधात असलेल्या भाजपनेही ते विधेयक अडवलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने सगळं मोडून २०१७ ची संख्या परत आणली, आणि आम्ही चारावर आलो. नवी मुंबईत २०१५ ला एक प्रभाग-एक नगरसेवक होता, तिथेही आता १११ जागांसाठी २८ प्रभाग. यातल्या एकाही बदलाची मागणी कोणत्या मतदाराने केली होती? तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या शंभर जणांना विचारा, पॅनेल कशासाठी असतं. पक्षाला माहीत असतं. एका लोकप्रिय माणसाच्या शेपटाला तीन बिनओळखीचे बांधता येतात आणि अपक्षाला चौपट मोठा प्रभाग पालथा घालावा लागतो.

निवडणुका लांबण्यामागे ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होता, हे मान्य. मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खरा पेच निर्माण झाला होता, त्याआधी कोविड होता, तोही खरा. पण पहिली दोन वर्षं एका आघाडीने आणि पुढची साडेतीन वर्षं दुसऱ्या युतीने हा पेच सोडवण्यापेक्षा अंगावर पांघरणं पसंत केलं. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा म्हणून बजावलं, तेव्हा कुठे गाडा हलला. तोवर आयुक्त हेच प्रशासक. स्थायी समिती तेच, महासभाही तेच. सकाळी प्रस्ताव मांडायचा आणि दुपारी आपणच मंजूर करायचा. माणूस कितीही सचोटीचा असला तरी याला लोकशाही म्हणत नाहीत, आणि हा प्रकार सुरू झाला तेव्हा आजचे विरोधक मंत्रालयात बसले होते. म्हणून त्यांच्या तोंडून 'लोकशाहीचा खून' ऐकताना मला त्या आजी आठवतात. त्यांना एकच माणूस ठाऊक होता, आणि तो एकच ठाऊक असण्याची सोयही या मंडळींनी मिळून काढून घेतली.

सत्ताधारी कधी आपला अधिकार आपणहून सोडतात का, असं कुणी म्हणेल. सोडला आहे. ते एकदा याच देशात झालं, आणि त्या वेळच्या लोकसभेत ठाण्याचे खासदार होते जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी, स्वतः आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेले. मार्च १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या त्या लोकांच्या हातात आयतं कोलीत होतं. ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्राला अफाट बळ दिलं होतं. लोकसभेची मुदत सहा वर्षांची झाली होती. गप्प बसले असते तर त्यांनाच एक वर्ष जास्त मिळालं असतं. त्यांनी ४४ वी दुरुस्ती आणली आणि मुदत पाचावर आणली. 'अंतर्गत अशांतता' या सैल शब्दांवर आणीबाणी लादता येत होती, तिथे 'सशस्त्र बंड' घातलं. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणा करता येणार नाही, असं लिहून टाकलं. लेखी. युनियनवाल्या माणसाला हा शब्द घटनेत बघून काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा, कलम २१ चा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही, हेही त्याच दुरुस्तीतलं.

यात आणखी एक गंमत आहे. राज्यसभेत जनता पक्षाला बहुमत नव्हतं, ते काँग्रेसकडे होतं. काँग्रेसच्या सदस्यांनी साथ दिल्याशिवाय ही दुरुस्ती पुढे सरकलीच नसती. त्यांनी काही कलमं गाळायला लावली, पण बाकीच्याला मत दिलं. ज्या पक्षाच्या सरकारने आणीबाणी लादली, त्याच पक्षाच्या हाताने तिचं पुन्हा येणं अवघड झालं. देशाची जखम भरण्याची याहून चांगली घटना मला आपल्या संसदेच्या इतिहासात सापडत नाही. तिला ना मिठ्या लागल्या ना अश्रू. घासाघीस करून ठरवलेली कलमं होती.

तेच जनता सरकार दुसऱ्या हाताने काय करत होतं तेही बघितलं पाहिजे. एप्रिल १९७७ मध्ये, लोकसभा जिंकल्याच्या जोरावर, त्यांनी नऊ राज्यांच्या काँग्रेसी विधानसभा बरखास्त केल्या. फेब्रुवारी १९८० मध्ये परत आलेल्या इंदिरा गांधींनी मोजून तेवढ्याच, नऊ, विधानसभा बरखास्त करून हिशेब चुकता केला. त्यात आपला महाराष्ट्र होता. शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार त्यातच गेलं. ऑक्टोबर १९७७ मध्ये इंदिरा गांधींना अटक झाली, दुसऱ्याच दिवशी सुटल्या, आणि ज्यांना विस्मरणात जायचं होतं त्या पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आल्या. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने मेहनतीने अहवाल लिहिले. ते वाचायला कुणाला वेळ झाला नाही. जुलै १९७९ मध्ये सरकार भांडून पडलं. सूड म्हणून जे जे केलं ते अडीच वर्षांत विरून गेलं किंवा उलटून अंगावर आलं. सोडून दिलेलं तेवढं शिल्लक आहे. सत्तेचाळीस वर्षांत पुन्हा तशी आणीबाणी आली नाही, यात त्या मधल्या पानांवरच्या कलमांचा वाटा आहे.

आता मधल्या पानांवरचीच एक गोष्ट, जी मला कळली तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला. ४४ व्या दुरुस्तीचं कलम ३ प्रतिबंधात्मक अटकेबद्दल आहे. गुन्हा सिद्ध न करता, नुसत्या संशयावर माणसाला आत ठेवायचं तर सल्लागार मंडळापुढे न जाता तीन महिने ठेवता येतं. त्याचे दोन महिने करायचे, आणि ते सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, कार्यरत न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली नेमायचं. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त ते कधीपासून लागू करायचं, ती तारीख सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती. जून १९७९ मध्ये बाकीची बहुतेक कलमं लागू झाली. हे राहिलं. मग इंदिरा गांधी आल्या, राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, नरसिंह राव, वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी. डावे बाहेरून पाठिंबा देत होते तेव्हाही, समाजवादी मंत्री होते तेव्हाही, ज्यांनी स्वतः आणीबाणीत 'मिसा' या अटकेच्या कायद्याखाली तुरुंगात दिवस काढले ते गृहमंत्री झाले तेव्हाही. ती अधिसूचना आजवर निघालेली नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय गेला होता. तारीख ठरवण्याची सक्ती आम्ही सरकारवर करू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं.

राजपत्रातला एक कागद. ना खर्च, ना नवं विधेयक, ना दोन तृतीयांश बहुमत. तरी कुणी काढला नाही, कारण खुर्चीत बसल्यावर प्रत्येकाला वाटतं, असू दे, कधी लागलं तर. हे 'असू दे' म्हणजेच आपल्या लोकशाहीचा खरा आजार आहे, असं माझं मत झालंय.

काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात काही बऱ्या गोष्टी लिहिल्या होत्या, त्याचं श्रेय देतो. दोन्ही सभागृहं वर्षाला शंभर दिवस चालवू, आठवड्यातला एक दिवस विरोधकांनी सुचवलेल्या विषयांना देऊ, पीठासीन अधिकाऱ्याने पक्षाशी नातं तोडायचं, पक्षांतर केलं की सदस्यत्व आपोआप जाईल. हे सगळं सोडण्याच्या खात्यात जमा होतं, म्हणून मी ते दोनदा वाचलं. त्याच वर्षी १६ मार्चला त्यांची न्याय यात्रा भिवंडीहून ठाण्यात आली होती. मी गर्दीत होतो. घोषणा ऐकल्या, ढोल ऐकले. जाहीरनामा त्यानंतर, ५ एप्रिलला आला; पण पुढच्या प्रचारातही हे शंभर दिवस आणि हा एक दिवस, यांबद्दल मला कुणाच्या हातात साधं पत्रकही दिसलं नाही. आपल्याकडची सगळ्यात चांगली ओळ यांना स्वतःलाच ठाऊक नसते की ती बोलायची लाज वाटते, कोण जाणे.

आणि ती ओळ अर्धी आहे. पक्षांतराचा निवाडा विधानसभेच्या अध्यक्षांकडे असतो, आणि अध्यक्ष कुठल्या तरी पक्षाचे असतात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यानंतर महाराष्ट्राने याचा पुरेपूर अनुभव घेतला. ठाण्याला तर तो घरच्या कार्यासारखा घ्यावा लागला, एकाच शाखेतली माणसं रस्त्याच्या दोन बाजूंना उभी राहिली. न्यायाचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की हा निवाडा अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाला देणार का? जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेला हेच सुचवलं होतं. तसंच 'युएपीए' या दहशतवादविरोधी कायद्याचं. त्यातली जामीन जवळपास अशक्य करणारी तरतूद २००८ ची, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरची, काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारची. हल्ल्यानंतरची भीती समजू शकतो. पण ती तरतूद आपल्याच विचारांच्या लोकांवर वापरली जाईपर्यंत तिच्याविरुद्ध किती भाषणं झाली?

जखम भरण्याबद्दल बोलायचं तर ठाण्याच्या माणसाने भिवंडीकडे बोट दाखवलं पाहिजे. मे १९७० ची दंगल, मग मे १९८४ ची. ८४ ची आग ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पसरली होती. तेव्हा मी कामावर नवा होतो. आमच्या खात्यात भिवंडीहून येणारे दोघं होते, एक हिंदू, एक मुसलमान, दोघांचे पंच कार्ड आठवडाभर कोरे राहिले, आणि दोघं परत आल्यावर डब्याला एकत्र बसले नाहीत. पुढची काही वर्षं बसले नाहीत. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. तोवर दंगलीनंतर 'शांतता समिती' नावाचा प्रकार असायचा, त्यात दोन्हीकडचे पुढारी, तेच ते चेहरे, चहा-बिस्किटं आणि पांढरी कबुतरं. खोपड्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, सुमारे ७०. दोन्ही समाजांची माणसं सारख्या संख्येत, आणि माणसं म्हणजे यंत्रमागावरचा कामगार, दुकानदार, घरातल्या बायका. पुढाऱ्यांना आवर्जून बाजूला ठेवलं. समितीची बैठक दंगल झाल्यावर घ्यायची नाही, नेमाने घ्यायची, आणि विषय कोणता? पाणी, भांडण, नळावरची शिवी, छेडछाड. हवालदारही त्यात बसायचा, म्हणजे पोलिसाचं तोंड लोकांना लाठीशिवाय दिसायला लागलं.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळली. भिवंडी जळली नाही. देशात जी गावं सगळ्यात आधी पेटतील असं सगळे धरून चालले होते, त्यात तिचं नाव वरचं होतं.

यात कुणी काय सोडलं ते बघा. पोलिसांनी 'आम्हाला सगळं माहीत आहे' हा ताठा सोडला. पुढाऱ्यांच्या हातून मधल्या दलालाची जागा गेली, त्यांच्या इच्छेविरुद्ध गेली, पण गेली. आज 'नफरतीच्या विरोधात' उभे असल्याचं सांगणारे पक्ष ही जागा सोडायला तयार आहेत का? मुंब्र्यात आपला माणूस, राबोडीत आपला माणूस, नौपाड्यात आपला माणूस, आणि त्या त्या वस्तीशी बोलायचं ते त्याच्याच मार्फत, ही त्यांचीही पद्धत. मुंबईच्या त्या दंगलीवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. पुढे १९९९ ते २०१४, सलग पंधरा वर्षं राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी होते. त्या अहवालात नावं असलेल्यांपैकी कितीजणांना शिक्षा झाली, याचा हिशेब मांडायला बसलं तर बोटं उरतात. जखमेवर बोलण्याचा अधिकार हवा असेल तर तो हिशेब आधी मांडा.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून गेल्या दोन वर्षांत चार कुटुंबं बाहेर पडली. कारण राजकारणच. ती परत आली नाहीत. पण गेल्या मे महिन्यात पाण्याच्या टाकीचा पंप जळला तेव्हा त्यातले तिघे रात्री साडेअकराला बॅटरी घेऊन गच्चीवर होते. खोपड्यांना हेच कळलं होतं, असं मला वाटतं. माणसं पाण्यासाठी एकत्र येतात, प्रेमासाठी बोलावलं तर संकोचतात. शहरात मोहल्ला समितीसारखी जागा कायद्यात आहेसुद्धा. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या अटींमुळे आलेली, म्हणजे आजच्या विरोधकांच्याच सत्ताकाळातली. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, त्या भागातल्या मतदारांनी बसून कामांची यादी ठरवायची. तुम्ही कधी तुमच्या क्षेत्रसभेला गेला आहात? मीही नाही. ती भरवायला नगरसेवकाला आपला 'माझ्या फंडातून' हा फलक उतरवावा लागेल.

विरोधात बसून काही मिळत नाही, आधी सत्ता द्या मग बघा, असं कार्यकर्ते म्हणतात. खाडीपलीकडे बघा. दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली, ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. आज घणसोलीत, कोपरखैरण्यात 'साडेबारा टक्के' हा शब्द दुसरीतल्या पोरालाही कळतो. दि. बा. कधी मुख्यमंत्री झाले नाहीत, साधे मंत्री झाले नाहीत. त्यांनी मागितलं ते नेमकं होतं, मोजता येणारं होतं, आणि ते मिळेपर्यंत त्यांनी विषय बदलला नाही. आता विमानतळाला त्यांचं नाव हवं म्हणून सगळे पक्ष पुढे. नावापेक्षा त्यांची ती मोजून मागायची सवय कुणी उचलली असती तर बरं झालं असतं.

सोडण्याची तालीमही आजपासूनच करता येते. सत्ता नसताना विरोधकांच्या हातात एक पूर्ण राज्य असतं: स्वतःचा पक्ष. तिथे शहराध्यक्ष निवडून येतो की वरून येतो? जानेवारीत उमेदवाऱ्या वाटताना किती जागा नवऱ्याच्या जागी बायको, बापाच्या जागी लेक अशा गेल्या? रामभाऊ म्हाळगींबद्दल जुने ठाणेकर एक सांगतात, की ते दर वर्षी आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवायचे. ते आजच्या सत्ताधाऱ्यांच्या परंपरेतले. त्यांच्या पक्षाला त्याची आठवण करून द्यायचा हक्क विरोधकांना आहे, पण आपला अहवाल छापल्यावर. माझ्या दारात दोन्हींकडून येतात ती दिवाळीची उटणी आणि कॅलेंडरं.

"टीका करायची तर सत्तेत आहेत त्यांच्यावर करा," असं माझा एक मित्र हे वाचून म्हणाला. बरोबर आहे त्याचं. ज्यांच्या हातात दांडका आहे त्यांचा जाब मोठा. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हींकडे विरोधी पक्षनेताच नव्हता. लोकसभेत २०१९ पासून उपाध्यक्ष निवडलेला नाही, जो घटनेने निवडायला सांगितला आहे. ठाण्यासह काही शहरांत या वेळी मत पडायच्या आधीच बिनविरोध नगरसेवक झाले. हे सगळं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी लिहावं. पण मी ग्राहक म्हणून दुकानात गेलो आहे. एक दुकानदार माल बदलणार नाही हे मला कळलंय. दुसरा म्हणतो माझ्याकडे या. मग पिशवी उघडून दाखव, एवढं म्हणणं म्हणजे पहिल्याची दलाली नव्हे.

तर मागच्या आठवड्यात मी एक पान टाइप केलं. चार मागण्या. एक, सत्तेत आल्यावर पहिल्या महिन्यात ४४ व्या दुरुस्तीच्या कलम ३ ची अधिसूचना काढू. दोन, प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला कायद्याने कायमचा परत देऊ आणि एक प्रभाग-एक नगरसेवक यावर मागे फिरणार नाही. तीन, पक्षांतराचा निवाडा अध्यक्षांकडून काढून घेऊ. चार, जिथे आमचे नगरसेवक आहेत तिथे तीन महिन्यांतून एकदा क्षेत्रसभा भरवू, ही सत्ता येण्याची वाट न बघता. खाली 'मान्य / अमान्य' आणि सहीची जागा.

तीन विरोधी पक्षांच्या ठाण्यातल्या कार्यालयांत ते स्वतः नेऊन दिलं. पोच घेतल्याशिवाय पत्र दिलं असं धरायचं नाही, ही जुनी सवय. एका ठिकाणी मुलाने न वाचताच शिक्का मारला. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी उभ्याने सगळं वाचलं, चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तर आत्ताही करता येईल की," आणि मग पोच दिली. तिसऱ्या ठिकाणी साहेब दौऱ्यावर होते. सोमवारी परत जायचं आहे.